काजळ आणि गंज

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्याचा अर्धा भाग २०१६ साली पडला. पडला म्हणजे पाडला, आणि पाडायच्या कागदावर तिघा भावांच्या सह्यांत पहिली सही माझी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

उरलेला अर्धा धाकट्या काकांचा. काका गेले, काकी आहेत, वाडाही आहे. मधली भिंत दोघांत एकच होती. त्यामुळं आमचा भाग गेल्यावर भिंतीची आमच्याकडची बाजू उघडी पडली. आता तिथं अपार्टमेंटचं पार्किंग आहे. स्कूटर लावून मान वळवली की समोर आमचं स्वयंपाकघर दिसतं. घर नाही, पण भिंतीवर त्याची खूण आहे. चुलीपासून वर चढत गेलेला काजळाचा पट्टा आहे, वर जाऊन जरा डावीकडं कललेला, कारण खिडकी डावीकडं होती आणि धूर तिकडं ओढायचा. शेजारी आईची मिठाची देवळी. तिच्या कडेला तिच्या बोटांनी गुळगुळीत झालेला गिलावा आहे. बिल्डरनं दोनदा रंग मारला. दोन्ही वेळा पावसाळ्यानंतर काजळ परत वर आलं.

अपार्टमेंटमधली पोरं त्या भिंतीवर क्रिकेटचा स्टंप काढतात. चुलीच्या बरोबर खाली.

मी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, चौतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याच आकाराची लाकडी वस्तू करावी लागते. ती वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात रस ओततात. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. खुबी अशी की पॅटर्न हव्या त्या मापाचा करून चालत नाही. बीड गार होताना आकसतं, फुटामागं साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून आमची मोजपट्टीच निराळी, आकस धरून आखलेली. नवा पोरगा कामावर आला की पहिल्या आठवड्यात चुकून साधी पट्टी उचलणार आणि शिव्या खाणार, हे ठरलेलं.

हे सांगायचं कारण गेल्या वर्षी फेब्रुवारीत घडलं. लेक ह्यूस्टनला असते. एका रविवारी तिनं गाडी काढली. ‘बाबा, तासाभरावर गॅल्व्हेस्टन म्हणून बेट आहे. तिथं एक जुनं जहाज आहे, तुमच्या कामाचं.’ तुमच्या कामाचं म्हणजे लोखंडाचं. आम्ही घाटावरचे. समुद्र बघायचा तर गणपतीपुळ्याला, तोही वर्षातून एकदा. शिडाचं जहाज म्हणजे लाकडाचंच, ही माझी समजूत. धक्क्यावर गेलो, पोटाला हात लावला आणि थंडगार पत्रा लागला. पत्र्यावर पत्रा चढवून रिबिटा मारलेल्या. रिबिटांच्या ओळी नजर लावून पाहिल्या तर एक डोकं इकडं-तिकडं नाही.

एलिसा तिचं नाव. १८७७ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला अलेक्झांडर हॉल अँड सन्स या कारखान्यात बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं मालवाहू जहाज. साल वाचलं आणि मी लेकीला म्हटलं, अगं, आपल्या न्यू पॅलेसचं काम याच साली सुरू झालं. १८७७ ते १८८४, मेजर मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराचा आराखडा. इकडं आपले पाथरवट काळा दगड घडवत होते, त्याच वेळी तिकडं कुणीतरी या रिबिटा ठोकत होतं. लेक म्हणाली, ‘बाबा, तुम्ही चंद्रावर गेलात तरी कोल्हापूरच काढाल.’ काढणारच.

१८८३ च्या डिसेंबरात एलिसा या बंदरात केळी घेऊन आली आणि कापूस भरून गेली. १८८६ साली पुन्हा आली. एवढाच तिचा या गावाशी संबंध, दोन फेऱ्यांचा. पुढं नॉर्वेवाल्यांनी घेतली, मग स्वीडनवाल्यांनी, मग फिनलंड, मग ग्रीस. बहुतेक घरी नवं नाव, जशी आपल्याकडं लग्नात नाव बदललेली बाई. फ्येल्ड, गुस्ताफ, क्रिस्तोफोरस, आखेओस, पायोनियर. डोलकाठ्या गेल्या, इंजिन बसलं, पुढचं डौलदार टोकही कापून टाकलं. शेवटी शेवटी ग्रीसच्या समुद्रात सिगारेटींच्या चोरट्या व्यापाराला लावली होती म्हणतात. १९६१ साली पीटर थ्रॉकमॉर्टन या समुद्री पुरातत्त्वज्ञानं पिरेयस बंदरात तिला पाहिलं आणि त्या मळकट मोटारबोटीच्या अंगावरून ओळखलं की ही मुळात शिडाची. भंगारवाला टपलेलाच होता. तरी ती वाचली आणि १९७५ मध्ये गॅल्व्हेस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशननं ४० हजार डॉलरला घेतली. १९७९ मध्ये ओढत आणली, १९८२ पर्यंत उभी केली. आज तिला १९ शिडं आहेत. सगळी उघडली की आपल्या हिशेबानं दहा गुंठ्यांहून जास्त कापड.

हे मी परत आल्यावर उद्यमनगरातल्या टपरीवर सांगितलं तेव्हा आमचा एक जुना टर्नर मित्र म्हणाला, ‘थांब. डोलकाठ्या नव्या, शिडं नवी, डेक नवा, पत्रेसुद्धा काही नवे. मग जुनं काय राहिलं रे भावा?’

प्रश्न बरोबर होता. मला तिथं सुचलेलं उत्तर मी त्याला दिलं, पण ते त्याला पटलं नाही. तुम्हाला पटतंय का बघा.

त्या रविवारी डेकवर सत्तरीच्या पुढची एक बाई मांडी घालून बसली होती. पुढ्यात लाकडी कप्पी, हातात खरवडणी. जुना थर खरवडायची, तेल द्यायची, कप्पी बाजूला ठेवायची, पुढची घ्यायची. लेकीनं विचारलं तर कळलं, ती निवृत्त शिक्षिका. पगार नाही. अशी माणसं वर्षभर शनिवार-रविवारी येतात. डांबर लावतात, दोर विणतात, शिडं शिवतात, डोलकाठीवर चढायला शिकतात. ठरावीक तास काम केलं की वर्षातून एकदा जहाज समुद्रात निघतं तेव्हा त्याच्यावर खलाशी म्हणून जायला मिळतं. मी विचारलं, अशा कप्प्या किती आहेत? ती हसली. शेवटची होईपर्यंत पहिलीवर परत काम काढावं लागतं, असं काहीतरी म्हणाली. मी तिच्या शेजारी बसलो. तिनं दुसरी खरवडणी दिली. भाषेची अडचण आली नाही. लाकडाच्या रेषेच्या उलट खरवडायचं नाही, एवढंच, आणि ते मला सांगायची गरज नव्हती. हाताला जवसाच्या तेलाचा वास दोन दिवस होता. अमेरिकेतल्या दोन महिन्यांत मला कुठं घरच्यासारखं वाटलं असेल तर त्या पाऊण तासात.

आता पुढचं ऐका. एवढा जीव लावणारी माणसं असून २०११ साली तिथल्या कोस्ट गार्डनं तपासणी केली आणि एलिसा समुद्रात न्यायच्या लायकीची नाही असं सांगितलं. पोटाचा पत्रा पाण्याखाली गंजानं खाल्ला होता. वर कप्प्या चकचकीत, खाली पत्रा पातळ. तीस वर्षांपूर्वी झोकात केलेला जीर्णोद्धार तीस वर्षंच पुरला. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या लोखंडाला गंज रविवारचीही सुट्टी देत नाही. पुन्हा सुमारे ३० लाख डॉलर उभे केले, पत्रे बदलले, डेकच्या फळ्या बदलल्या, आणि जहाज परत पाण्यात.

मी मित्राला म्हटलं, जुनं काय राहिलं तर ही रीत. सांधे कसे भरायचे, कप्पी कशी सोलायची, शीड कुणाच्या हाकेवर सोडायचं, हे अजून कुणाच्या तरी हातात आहे. तो म्हणाला, ‘रीत संभाळायला ३० लाख डॉलर?’ आणि चहाचे पैसे मला द्यायला लावले.

गॅल्व्हेस्टनचं गाव माझ्या मनाला जहाजापेक्षाही जास्त लागलं. कारण पाणी. पंचगंगेकाठच्या माणसाला पाण्याच्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या पेठेतली पोरं पाढ्यांबरोबर शिकतात. पण ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात गॅल्व्हेस्टननं जे पाहिलं त्याला आमचा महापूर तुलनेला लावता येत नाही. बेटाची सगळ्यात उंच जागा समुद्रापासून जेमतेम नऊ फूट. लाट आली पंधरा फुटांहून उंच. सहा ते आठ हजार माणसं गेली असं मानतात. अमेरिकेत नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसं एका वेळी कधी मेली नव्हती.

वाचलेल्यांनी गाव सोडलं नाही. आधी सतरा फूट उंच समुद्रभिंत बांधली. मग जे केलं ते वाचून मी तिथल्या माहितीफलकापुढून हललोच नाही. त्यांनी गावच वर उचललं. १९०३ ते १९११ अशी आठ वर्षं. दोन हजारांवर इमारती स्क्रूजॅक लावून वर घेतल्या आणि खाली समुद्रातून उपसलेली वाळू पाण्याबरोबर पाइपांतून सोडली. पाणी निघून जायचं, वाळू राहायची. सेंट पॅट्रिक चर्च तीन हजार टनांचं. सातशे जॅक लावून ते पाच फूट उचललं. फाउंड्रीतल्या माणसाच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो: सातशे जॅक एकाच वेळी, एकाच मापानं फिरले पाहिजेत. एखाद्यानं अर्धा आटा जास्त दिला की भिंतीला तडा. एवढ्या माणसांना एका ठेक्यात कसं धरलं असेल? आमच्या शॉपमध्ये चार जणांनी साचा उचलायचा तरी ‘हं, एक, दोन’ म्हणताना एक जण पुढं जातोच. आठ वर्षं ते लोक चिखलावरून फळ्यांच्या उंच वाटांनी ये-जा करत होते. बाजाराला, शाळेला, चर्चला, सगळीकडं फळ्यांवरून.

ज्यांना उचलायला परवडलं नाही किंवा उचलता आलं नाही त्यांनी वाळू आत येऊ दिली. ॲश्टन व्हिला म्हणून १८५९ चं विटांचं घर आहे. त्याचं तळघर भरून गेलं. बाहेर लोखंडी कुंपण आहे, गुडघ्याएवढंच. मला वाटलं फुलझाडांसाठी केलंय. ते मूळचं चांगलं उंच कुंपण, त्याचा बराचसा भाग जमिनीत गाडलेला. वर उरलेत ते फक्त शेंडे. मी खाली बसून त्या बिडाच्या शेंड्याला हात लावला. ओतकाम सुरेख. सांध्याची रेघ अशी घासलेली की दिसत नाही. एवढं काम करून ते वाळूत गेलं.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. हे गाव कापसावर श्रीमंत झालं, आणि त्या कापसामागं गुलामांचे हात होते. टेक्सासमधले गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम १९ जून १८६५ रोजी याच गावात जाहीर झाला. स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर बिडाच्या नक्षीदार खांबांच्या पेढ्या आहेत, त्यांच्या खाली आता टी-शर्ट आणि आइस्क्रीम मिळतं, क्रूझवरून उतरलेली गर्दी फोटो काढते. जरा जास्तच चकाचक वाटलं मला. लग्नात म्हाताऱ्या आजीला जबरदस्तीनं पावडर लावतात तसं. पण पावडर लावलेली का होईना, आजी आहे.

ती राहिली कशी, याचं उत्तर मला सगळ्यात उपयोगाचं वाटलं. १९७३ साली मूडी फाउंडेशन या देणग्या देणाऱ्या संस्थेच्या मदतीतून गॅल्व्हेस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशननं एक फिरता निधी सुरू केला. मोडकळीला आलेली पेढी निधीतून विकत घ्यायची, डागडुजीला तयार असलेल्या माणसाला विकायची, आणि विकताना खरेदीखतातच अट घालायची की दर्शनी भाग पाडायचा नाही, असाच राखायचा. विक्रीचे पैसे आले की पुढची पेढी. पैसा तोच, फिरत राहतो. अट मात्र घराला चिकटते, मालक बदलला तरी सुटत नाही.

हे तर आपली भिशी झाली, मी लेकीला म्हटलं. फक्त दर महिन्याला माणसाऐवजी एका वाड्याचा नंबर लागतो.

आमच्या वाड्याच्या खरेदीखतात बावीस पानं होती. कार्पेट एरिया होता, लिफ्टची कंपनी होती, टाकीची क्षमता होती. दिंडी दरवाज्याचं काय करायचं, हे एका ओळीतही नव्हतं. आम्हाला सुचलं नाही. तो दरवाजा आता हायवेवरच्या एका हॉटेलात आहे, त्याच्यावर ‘पारंपरिक चव’ लिहिलंय. मी एकदा मिसळ खायला गेलो होतो. बिजागऱ्या उलट्या बसवल्यात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर. दुसऱ्याच दिवशी ९ तारखेला केशवरावांची जयंती होती. छत गेलं, रंगमंच गेला, दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. माझ्या शेजारी एक माणूस रडत होता. मी ओळखत नव्हतो, पण त्याचा हात धरला होता. नाटकवाले, रिक्षावाले, पैलवान, सगळे तिथं. एवढी माणसं तिथं एकदम मी शंभराव्या प्रयोगालाही पाहिली नव्हती.

पुन्हा उभं करायचं काम सुरू झालं, चांगलंच झालं. पण एलिसा पाहून आल्यापासून मला उद्घाटनाच्या फितीपेक्षा त्यानंतरच्या तिसाव्या वर्षाची काळजी जास्त वाटते. आपल्याकडं जीर्णोद्धाराला देणगी मिळते, पाटी लागते, जेवण असतं. दर एप्रिलला कौलावर चढून पानं काढणाऱ्याला कुणी हार घातलेला मी पाहिला नाही. आणि जुनं काम नव्यानं करताना आणखी एक घोळ होतो. एखादा मूळ ब्रॅकेट मोडला की त्याच्या शेजारचा उतरवतात, वाळूत दाबतात आणि नवा ओततात. म्हणजे जुन्या तुकड्यालाच पॅटर्न करतात. मग नवा फुटामागं सूतभर लहान येतो. त्याच्यावरून पुढचा केला की आणखी लहान. लांबून कळत नाही. आकस धरायला कुणीतरी लागतो, आणि तो उद्यमनगरात अजून आहे. माझ्या माहितीतले हाताने पॅटर्न करणारे पाच-सहा जण तरी आहेत. सगळे साठीच्या पुढं. कुणी विचारलं तर फुकट येतील, फक्त चहा बरा हवा.

परत आल्यावर पहिल्या रविवारी काकींकडं गेलो. एरवी मी सणावारालाच जायचो. खरं सांगायचं तर भिंतीच्या त्या बाजूनं आत जायला मला लाज वाटायची. काकींनी कधी शब्द काढला नाही, ते जास्त अवघड. त्या दिवशी म्हटलं, ‘काकी, कौलं कधी चाळली होती?’

‘तुझे काका होते तेव्हा.’

म्हणजे नऊ वर्षं. माळ्यावर गेलो. बॅटरी मारली. तुळईच्या टोकाला, भिंतीत जिथं ती शिरते तिथं, लाकूड बोटानं दाबलं तर बोट आत गेलं. बाहेरून तीच तुळई घोटीव काळी, रुबाबदार. आमचा भाग पाडल्यापासून ती भिंत पावसाला उघडी आहे. पाणी तिकडून येतंय, आमच्या बाजूनं. काजळाच्या बाजूनं.

मे महिन्यात कामाला लागलो. तुळईचं कुजलेलं टोक कापून जुन्या सागाचा तुकडा जोडला. तो सागही कुणाच्या तरी पाडलेल्या वाड्याचा, जुन्या लाकडाच्या वखारीतून आणला. उघड्या भिंतीवर चुन्याचा हात द्यायचं ठरलं तेव्हा अपार्टमेंटच्या सोसायटीची परवानगी काढावी लागली. त्यांचे चेअरमन सज्जन आहेत. म्हणाले, करा की, पण तो काळा डागही घालवा एकदाचा. मी हो म्हटलं. मग गवंड्याला सांगितलं, देवळी आणि काजळ सोडून बाकीचं कर, वर एक पत्र्याचा छोटा छज्जा काढ म्हणजे तेवढ्यावर पाणी येणार नाही. चेअरमन अजून बोललेले नाहीत.

जूनच्या पहिल्या पावसात काकींचा फोन आला. गेलो. कौलांवर चढलो, बदलायला चौदा कौलं घेऊन. भाच्यानं शिडी धरली होती. काकी खाली सोप्यात पातेलं घेऊन उभ्या, वर बघत. मी एक कौल सरकवायचो आणि ओरडायचो, ‘थांबलं का?’

‘थांबलं!’

मी उतरायला पाय खाली टाकला तोवर परत हाक आली.

‘उतरू नको बाळ. ते थांबलं, पण आता इकडं देवघरापाशी गळतंय.’

भाच्याला म्हटलं, वर दे अजून दोन कौलं.